मामाचा गळा

“ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया,” डॉक्टर म्हणाले, आणि आमचे चेहरे बघून लगेच सोपं करून सांगायला लागले. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं जाते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा श्वास येतो, आणि परत पहिल्यापासून तेच. यांचं हे तासाला चाळीसपेक्षा जास्त वेळा होत होतं.

‘यांचं’ म्हणजे माझ्या नवऱ्याचं. नव्वद सालच्या पुढेमागे, हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, सकाळी दहा वाजता आम्हाला हे कळलं. मी ताडकळसला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. चार अक्षरं शिकलेल्या बाईला शोभणार नाही असं मी बोलून गेले. म्हणाले, “पण डॉक्टर, हे तर आमच्या घरात सगळेच करतात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “सगळे म्हणजे कोण कोण?”

हे लिहायला बसले ते त्या प्रश्नामुळं. ज्यांच्या घरात माणसं मोठ्यानं घोरतात आणि बाकीची हसतात, त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्याही घरात लोक हसतच होते.

आधी नातं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा नवरा माझ्या आत्याचा मुलगा. म्हणजे माझे वडील, आबा, हे यांचे मामा. आमच्याकडं भाच्यानं मामाची मुलगी करायची ही जुनी रीत, आणि मुलगी आत्याच्या घरी पडली की सगळे निर्धास्त. मीही निर्धास्त होते. सासू म्हणजे आत्या, नवरा लहानपणापासून बघितलेला. हे लग्नाआधीपासून ‘मामाच्या वळणावर गेलेला’ म्हणून नावाजलेले. तीच आत गेलेली आखूड हनुवटी, तीच आखूड जाड मान, तेच बसल्या जागी पेंगणं. आणि तेच घोरणं. आबांचं घोरणं गंगाखेडच्या आमच्या गल्लीत तीन घरं पलीकडं ऐकू जायचं. मधेच थांबायचं, मग मोठा आवाज होऊन सुरू व्हायचं. मी त्याच आवाजात मोठी झाले. लग्न होऊन ताडकळसला आले तर नवऱ्याचाही तोच आवाज. परकं घर वाटलंच नाही.

आबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले. झोपेतच. आई सकाळी चहा घेऊन गेली तर अंग गार. दुखणं नाही, अंथरूण नाही, कुणाला त्रास नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, पुण्यवान माणूस, झोपेत सुटला. मीही तेच म्हणायचे.

यांचं आजारपण कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. हे शिवणकाम करायचे. बाजारपेठेत छोटं दुकान, दोन मशिनी, बाजाराच्या दिवशी गर्दी. हात चांगला होता. पालमपासून लोक शर्ट शिवायला यायचे. चाळिशी आली तसं अंग सुटलं, आणि दुपारी मशिनीवरच डोळा लागायला लागला. लोक थट्टा करायचे, मास्तरीणबाईच्या घरी जागरण असतं की काय. हेही हसायचे. मग चुका व्हायला लागल्या. एका नवरदेवाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. ज्या माणसानं पंचवीस वर्षं कैची चालवली त्याच्या हातून हे व्हावं, याचं यांना फार लागलं. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं. आठ-आठ तास झोपून उठले तरी तोंडावर झोप. चिडचिड तर इतकी, की मी शाळेतून आले की आधी चेहरा बघायचे आणि मग बोलायचे.

त्याच साली धाकट्या दिराचं लग्न झालं. दीर आपल्या वडिलांवर गेलेला, लांब मानेचा, काटकुळा. त्याची बायको सुमन, पालमची. आमच्या नात्यागोत्यातली नाही, अगदी बाहेरची. अशी सून घरात पहिल्यांदाच येत होती, म्हणून आत्या जरा नाखूशच होती.

सुमन येऊन महिना झाला नसेल. एका रविवारी जेवणं झाल्यावर हे ओसरीवर उताणे झोपले होते. सुमन तूर निवडत होती. एकदम हातातलं सूप ठेवून ती माझ्याकडं आली.

“बाई, थोरल्या भावजींचा श्वास थांबायलाय.”

मी वह्या तपासत होते. म्हटलं, “थांबतो गं. परत चालू होतो.”

“मी वीसपर्यंत आकडे मोजले. न्हाई चालू झाला.”

तेवढ्यात तिकडून नेहमीचा मोठा आवाज झाला आणि घोरणं सुरू झालं. मी म्हटलं, बघ. आत्या आतून म्हणाली, “नवी हायेस. माझ्या भावाचं बी असंच होतं. व्हईल सवय.” सुमन परत तूर निवडायला बसली. बाहेरून आलेल्या सुनेनं पहिल्या महिन्यात थोरल्या दिराच्या झोपेवर बोलणं आमच्याकडं बसत नव्हतं. तिला नंतर मी दोन-तीनदा येता-जाता ओसरीच्या दाराशी थबकलेलं बघितलं. ओठ हलत असायचे. मला वाटलं, जप करत असेल.

मग सुई बोटात गेली. हे मशीन चालवता चालवता झोपले, पाय मशिनीच्या पायडलवर तसाच चालत राहिला, आणि सुई डाव्या हाताच्या बोटात नखातून आरपार. शेजारच्या किराणा दुकानदारानं चाक उलटं फिरवून बोट सोडवलं. आता मात्र मी घाबरले. पूर्णेला एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्तदाब बघितला, जास्त होता. झोपेचं विचारलं. आम्ही दोघांनी सांगितलं, झोप पुरी होत नाही, उठल्यावर थकवा असतो. घोरण्याचं सांगितलं नाही. का सांगावं? कुणी डॉक्टरला आपल्या नाकाचा आकार सांगतं का? त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांपुरत्या झोपेच्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आम्हीच त्यांना अर्धं सांगितलं होतं.

झोपेची गोळी तिसऱ्या दिवशी अंगावर आली. सकाळी साडेसात वाजले तरी हे उठेनात. मी शाळेच्या गडबडीत, म्हटलं झोपू दे, गोळी लागू पडली. सुमन पाणी ठेवायला आत गेली आणि तिनं जी हाक मारली, ती अजून कानात आहे. ओठ जांभळे पडले होते. मी नुसती दारात उभी. सुमननं यांना खांद्याला धरून पूर्ण जोर लावून कुशीवर पाडलं आणि पाठीत धपाटे घातले. श्वास आला. थोरल्या दिराला हात लावायचा नाही ही रीत तिला कुणी शिकवायची राहिली नव्हती. तिनं ती मोडली म्हणून मी आज सवाष्ण आहे.

त्याच दिवशी परभणी गाठली. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी मोर्चा, कधी बंद, एसटी निघाली तरी पोचेल याची खात्री नसायची. पूर्णेहून रेल्वेनं गेलो, डबा घेऊन सुमनही बरोबर. दवाखान्याच्या बाकड्यावर दुपारी तीनपर्यंत बसलो. हे बसल्या बसल्या झोपत होते आणि मी दर वेळी कोपरानं ढोसत होते.

परभणीचे डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी कुणीच न विचारलेलं विचारलं. “रात्री यांच्या शेजारी कोण असतं? झोपेत काय होतं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “घोरतात.”

मागं डबा धरून सुमन उभी होती. ती म्हणाली, “श्वास थांबतोय डॉक्टरसाहेब. मी मोजलाय. कधी वीस, कधी तीस आकडे. उताणे झोपले की लय.”

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडं वळवली आणि मग पाच-दहा मिनिटं ते माझ्याशी बोललेच नाहीत. सगळं तिला विचारलं. मला तेव्हा राग आला होता. बायको मी होते.

त्यांनी झोपेच्या गोळ्या बंद केल्या, कुशीवरच झोपायचं सांगितलं आणि हैदराबादची चिठ्ठी दिली. तिथं परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर झोपेची तपासणी करतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

तपासणीसाठी पंधरा दिवस थांबावं लागलं. त्या तपासणीचं नाव पॉलिसोम्नोग्राफी. म्हणजे माणसाला झोपू द्यायचं आणि झोपेत त्याच्या मेंदूचं, श्वासाचं, हृदयाचं काय चाललंय ते तारा लावून कागदावर उतरवायचं. डोक्याला, हनुवटीला, छातीला तारा चिकटवल्या. नातेवाइकांना आत बसू देत नाहीत. मी बाहेरच्या बाकड्यावर होते. सकाळी आम्हाला कागदाची भलीमोठी चळत दाखवली. श्वासाची रेघ नागमोडी चाललेली, मग सपाट, मग एकदम उंच. सपाट जागा बोटानं दाखवत डॉक्टर म्हणाले, इथं श्वास नाही. इथंही नाही. इथं पन्नास सेकंद नाही. मी शाळेत मुलांची हजेरी घेताना अनुपस्थित लिहिते, तितक्या सहज ते सांगत होते.

तर, सगळे म्हणजे कोण कोण?

उत्तर यांनी दिलं. यांना माणसांची मापं तोंडपाठ असायची. दिवाळीला दोन्ही घरच्या पुरुषांचे शर्ट हेच शिवायचे. “मामाचा गळा सव्वासतरा इंच होता,” हे म्हणाले. “माझा सतरा. मामाचा पोरगा भास्कर, त्याचा बी सतरा. माझ्या धाकट्या भावाचा साडेचौदा, तो घोरत न्हाई.”

डॉक्टर हसले. म्हणाले, मला रुग्णांची अशी माहिती कुणी देत नाही. मग त्यांनी कागदावर आमचं घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. घोरणाऱ्यांचे चौकोन काळे केले. आबा, आबांचे वडील, भास्करदादा, हे. मग माझ्याकडं बघून विचारलं, “तुम्ही कुठं बसता यात?” मी बोट ठेवलं. मी आबांच्या खालीच बसत होते, आणि तिथून एक आडवी रेघ यांच्याकडं.

त्यांनी जे समजावलं ते जमेल तसं सांगते. हा आजार बापाकडून पोराकडं जसाच्या तसा येतो असं नाही. येते ती ठेवण. जबडा लहान, जिभेला जागा कमी, घशाची वाट अरुंद, मानेवर चरबी साठायची प्रवृत्ती. या गोष्टी रक्तात असतात. त्यामागं कोणते जीन्स, म्हणजे आनुवंशिकतेचे कोणते कण, ते अजून कुणाला नक्की सापडलेलं नाही. घरात एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता जास्त, एवढं खरं. पण सगळ्यांना होतंच असं नाही, आणि वजन वाढलं नाही तर ठेवण असूनही निभावतं. आमच्या दोन्ही मुलांकडं लक्ष ठेवायला सांगितलं. नात्यात लग्न केलं म्हणून झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तसं मी म्हणणार नाही. पण मला एक सांगा, लग्नाला चौदा वर्षं झाली, तुम्ही कधी घाबरला नाहीत?

नाही, मी म्हणाले.

परतीच्या गाडीत मला ते नीट कळलं. मी बाहेरच्या घरातून आले असते तर पहिल्या आठवड्यातच बोंब मारली असती. नवऱ्याचा श्वास बंद पडतोय हे ऐकून कुठली नवी नवरी गप्प झोपेल? पण मी तो आवाज माहेराहून घेऊनच आले होते. मी ऐकत होते आणि मला ते घर वाटत होतं. सुमनच्या माहेरी असं कुणी घोरत नव्हतं, म्हणून तिला महिन्याभरात ऐकू आलं. मी डॉक्टरांना आबांचंही विचारलं होतं. ते म्हणाले, आता काही सांगता येणार नाही, हृदयविकारही असेल. पण अशा माणसांत झोपेत जाणं घडतं. म्हणजे माझे आबा बहुतेक पुण्यानं गेले नव्हते. तेव्हा मी एकच ठरवलं, आबांसारखा दुसरा माणूस जाऊ द्यायचा नाही. हे नाही, आणि माझा भाऊही नाही.

यांच्या उपचारांचं थोडक्यात सांगते. सीपॅप नावाचं एक यंत्र असतं, नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. ते परदेशातून मागवावं लागे, आणि ताडकळसची वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. ते जमणार नव्हतं. टॉन्सिल्स फार मोठे होते, ते काढले आणि टाळूचा लोंबता भाग कापला. पंधरा दिवस यांनी नुसती पेज आणि ताक घेतलं आणि एकही शब्द बोलले नाहीत. आमच्या संसारातला तो सगळ्यात शांत काळ. वर्षभरात चौदा किलो वजन उतरवलं. रोज चालत शेत, चालत दुकान, ताटात भाताऐवजी ज्वारीची भाकरी.

आणि उताणं झोपायचं नाही. डॉक्टरांनी पाठीला चेंडू बांधायचा उपाय सांगितला, म्हणजे उताणं झालं की टोचतं. शिंप्याला एवढंच पाहिजे होतं. यांनी बनियनला पाठीमागं खिसा शिवला, आत रबरी चेंडू. चेंडू सरकायला लागला, मग दोन्ही बाजूंनी टिपा मारून बसवला. चौथ्या बनियनला जमलं. वाळत घातलेलं ते बनियन बघून शेजारीण म्हणाली, मास्तरीणबाई, मालकाला शेपूट फुटायलंय का. हे दुकानात हा किस्सा स्वतःच सांगायचे. वर्षानं तपासणी परत केली. तासाला चाळीसवरून आठ. दुपारची झोप गेली. बाह्या उजव्या-डाव्या नीट यायला लागल्या.

भास्करदादाचं मात्र सोपं नव्हतं. दादा गंगाखेडला साखर कारखान्यात होता, आणि आबांनंतर आई त्याच्याकडंच. हैदराबादहून आल्यावर आठ दिवसांत मी त्याच्याकडं गेले. आई दाराशी वाती वळत बसली होती. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला, त्याचा काळा चौकोन दाखवला. शिकवायची सवय, उलगडून उलगडून सांगितलं. झोपेत श्वास कसा बंद पडतो, शेजारच्याला कसा ऐकू येतो. म्हटलं, दादा, आबांचं हेच झालं असणार.

दादा एकदम ओरडला. “गप बस. आबा पुण्यवान म्हणून झोपेत गेले. अख्ख्या गावाला ठाव हाय. तू त्याला रोग म्हनायलीस? दोन बुकं शिकलीस म्हणून मेलेल्या बापाला आजारी पाडतीस व्हय?”

आई उठून आत गेली. मीही उठले. इतकं अडाण्यासारखं बोलणारा माझा भाऊ नव्हता, कारखान्यात फोरमन होता, पेपर वाचायचा. मला फार राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. यांनी त्याच्या मापाचं एक बनियन शिवून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं. निरोप आला, बनियन घट्ट होतंय. त्या दिवाळीला मी भाऊबीजेला गेले नाही आणि त्यानं बोलावलंही नाही. पुढचं दीड वर्ष गंगाखेडहून कुणाचाही निरोप आला की मी आधी विचारायचे, दादा बरा आहे ना.

मधे सुमनबद्दल सांगते, ते राहून जायला नको. मी तिला एकदा सरळ म्हटलं, की मी तुझी ऋणी आहे, आणि तुला गप्प बसवलं त्याची मला लाज वाटते. ती म्हणाली, “बाई, मला भ्या वाटत होतं म्हणून मोजत होते.” वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात कुणी नवं माणूस येऊन तुमच्या जुन्या सवयीला घाबरलं, तर त्याला सवय होईल म्हणून हसू नका. डॉक्टरकडं जाताना त्यालाच बरोबर न्या. आणि घोरणाऱ्या माणसाला झोपेची गोळी परस्पर देऊ नका.

आई त्या दीड वर्षाच्या शेवटी, हिवाळ्यात गेली. न्यूमोनिया झाला होता, पाच दिवस दवाखान्यात होती, आम्ही दोघं बहीण-भाऊ जवळ होतो. दहाव्याचे विधी गोदावरीच्या घाटावर झाले. माणसं पांगली. दादा पायऱ्यांवर बसून राहिला, मी दोन पायऱ्या सोडून बसले. डोकं आणि मिशी उतरवलेला दादा मी आबांच्या दहाव्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. मिशीखाली झाकलेली आखूड हनुवटी उघडी पडली होती, आणि तो हुबेहूब आबा दिसत होता.

“आईनं मला एक सांगितलं होतं,” तो म्हणाला. “आबा गेले त्या आठवड्यात. दुसऱ्या कुणाला बोलली न्हाई ती.”

मी त्याच्या जवळच्या पायरीवर सरकले.

“म्हनली, पहाटं त्येंचं घोरणं थांबलं. मी जागीच होते. म्हनलं बरं झालं, आज शांत झोप लागली. अन् मी बी कूस वळवून झोपले.” तो पाण्याकडं बघत होता. “तिला वाटायचं, झोपेतच देवानं नेलं, सुखानं नेलं. त्याच्यावरच जगली ती. अन् तू तिच्यापुढं बसून सांगायलीस, श्वास बंद पडतोय, शेजारच्याला ऐकू येतोय.”

त्या दिवशी आत गेलेली आई मला दिसली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिला त्या दिवशी किती कळलं होतं, हे मी त्याला विचारलं.

“मी इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई.” त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, “माझं बी तसंच हाय. बायको मला हलवून जागं करती. दीड वर्ष झालं.”

“मग आला का नाहीस रे?”

“आई व्हती ना. मी दवाखान्यात गेलो असतो, तर आबांचा रोगच व्हता हे मीच तिला सांगितल्यासारखं झालं असतं.” तो उठला, आणि मला उठायला हात दिला. “आता आई न्हाई. आता म्हन रोग. हैदराबादला कवा निघायचं ते सांग.”